नदीपलीकडचा संत

डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते, ती मांडवीचे पात्र ओलांडून दिवाडी बेटाला लागते. पाण्यावरचा प्रवास अगदी थोडा. पण गोव्याच्या इतिहासात या दोन काठांमधले अंतर फार मोठे आहे. कदंबांचे कुलदैवत असलेला सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीचा. सोळाव्या शतकाच्या मध्याला, १५६०च्या सुमारास, पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले आणि भक्तांनी लिंग नदीपार आणले. पुढे १६६८च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी नार्व्याला देवळाच्या उभारणीची आज्ञा दिली. त्या आज्ञेचा शिलालेख तिथे आहे. २०२३ साली या देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबे मुद्दाम दर्शनाला जाऊन आली.

आमच्या डिचोली-पेडण्याकडच्या माणसाच्या मनात नदीपलीकडचा काठ म्हणजे काय, हे या एका देवळाच्या कथेतून समजते. पलीकडे देवळे पाडणारे आणि अलीकडे आसरा देणारे, अशी ती सरळ विभागणी आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले ते १७८१ ते १७८८ या काळात, म्हणजे ‘नव्या काबिजादी’ म्हणून. तोवर राज्यकर्त्यांचा धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि इथल्या हिंदूंच्या धर्माला व रीतिरिवाजांना हात लावायचा नाही हे धोरण ठरून गेले होते. म्हणून शापोऱ्याच्या उत्तरेला देवळांचे उत्सव चालू राहिले, तर दक्षिणेला बारदेशात देवळांच्या जागी चर्च उभी राहिली. हा इतिहास घराघरांत सांगितला जातो आणि तो खोटा नाही. पण तो अर्धा आहे. त्याच पलीकडच्या काठावर, त्याच शतकात, त्याच चर्चच्या छायेत एक माणूस असा होऊन गेला की त्याची गोष्ट आमच्या घरांतून कोणी सांगत नाही. मराठी शाळांच्या पुस्तकांत तर त्याचे नावही मला कधी आढळले नाही. तो म्हणजे पाद्री जुझे वाझ. २०१५च्या जानेवारीत कोलंबोला पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले, तेव्हा गोव्यातल्या ख्रिस्ती गावांत घंटा वाजल्या. आमच्याकडे ती बातमी वर्तमानपत्राच्या एका रकान्यात आली आणि गेली.

ही गोष्ट सांगायची तर आधी त्या काळच्या जुन्या गोव्यात जावे लागते. तिथे न्यायनिवाड्याचे एक मोठे घर होते. लोक त्याला ‘व्हडलें घर’च म्हणत. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. मधली १७७४ ते १७७८ ही वर्षे सोडली, तर १८१२पर्यंत ते चालले. माणूस काय खातो, धोतर नेसतो का, तुळशीपुढे दिवा लावतो का, मेलेल्याचे श्राद्ध गुपचूप घालतो का, यांची चौकशी तिथे होई. त्याचा मुख्य रोख बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता, हे आपण पुष्कळदा विसरतो. म्हणजे त्या छळाचे बळी अनेकदा ख्रिस्तीच होते. कालपर्यंत हिंदू असलेले, आणि सवयी एका दिवसात न सुटलेले. शार्ल देलाँ नावाचा एक फ्रेंच वैद्यही या घरात सापडला. दोन वर्षे कोठडीत काढल्यावर १६७६च्या जानेवारीत त्याला जाहीर समारंभात शिक्षा सुनावली गेली. त्याने आपले अनुभव पुस्तकरूपाने १६८७ साली युरोपात छापले, तेव्हा बाहेरच्या जगाला गोव्यातल्या या घराची खरी माहिती झाली.

दयेची कामे त्या शहरात नव्हती असे नाही. राजाचे इस्पितळ होते, आणि ते इतके टापटिपीचे होते की १६०८च्या सुमारास तिथे उपचार घेतलेला पिरार द लावाल हा फ्रेंच प्रवासी त्याची स्तुती करताना थकत नाही. पण ते इस्पितळ युरोपातून आलेल्या सैनिकांसाठी होते. सतराव्या शतकाच्या आरंभी आर्चबिशप मेनेझिश यांनी स्त्रियांसाठी दोन आश्रयगृहे उभारली. एक अनाथ आणि कुलीन स्त्रियांचे, दुसरे मारिया माग्दालेनाच्या नावाचे, वाट चुकलेल्या पण पश्चात्ताप झालेल्या स्त्रियांचे. दाराशीच प्रतवारी झाली. कोण कुलीन, कोण पतित, पतितेला पश्चात्ताप झाला आहे की नाही, हे आधी ठरायचे आणि मग भाकरी मिळायची. मला या घरांना नावे ठेवायची नाहीत. त्या काळात अशा स्त्रीला दुसरे कोणते दार उघडे होते? पण दया करणाऱ्याने आधी न्यायाधीशाची खुर्ची घ्यायची, ही रीत त्या शहरात किती मुरली होती ते यावरून दिसते.

देलाँला शिक्षा झाली त्याच १६७६ साली, त्याच शहरात, पंचवीस वर्षांच्या जुझे वाझ यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१चा, बाणावलीला, आईच्या गावी. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे गौड सारस्वत ब्राह्मण, बाटून ख्रिस्ती झालेले. सांकवाळ हे नाव वाचकांना परके नसावे. तिथला नृसिंह सोळाव्या शतकातच वेलिंगला गेला, आणि सांकवाळचे मूळ सांगणारी कित्येक कुटुंबे आजही त्याच्या पायाशी येतात. म्हणजे एकाच गावचे काही लोक देव घेऊन डोंगरापलीकडे गेले आणि काही देव सोडून गावातच राहिले. वाझ हे राहिलेल्यांचे वंशज. भाषा दोघांचीही एकच, कोकणी. ज्या ग्रंथातून गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी येशूची कथा ऐकली ते फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण मात्र मराठीत आहे. ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. आपल्या दुभाषी मुलखातले हे एक जुनेच कौतुक आहे.

देशी पाद्री झाला म्हणून चर्चमध्ये त्याला मानाचे पान मिळे, अशी कोणाची समजूत असेल तर ती दुरुस्त करायला हवी. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन अशा मोठ्या संघांत गोव्याच्या मातीतल्या माणसाला प्रवेश नव्हता. बाप्तिस्मा चालतो, दीक्षाही चालते, पण आमच्या पंगतीला नको! तेव्हा काही देशी पाद्र्यांनी मिळून जुन्या गोव्यात खुरसाच्या टेकडीवर आपला निराळा मठ काढला. १६८५ साली वाझ त्यात आले, प्रमुख निवडले गेले, आणि संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर त्यांनी त्या मठाला शिस्त लावली. आता गंमत पाहा. ज्यांना गोऱ्यांनी पंगतीला घेतले नाही, त्या या मठात प्रवेश फक्त ब्राह्मण ख्रिस्त्यांना होता. चारड्यांनाही नाही, मग इतरांची गोष्टच दूर. धर्म बदलतो, नाव बदलते, जेवणातले पदार्थ बदलतात. पण पाट कोणाला मांडायचा आणि कोणाला नाही, हे आपली माणसे कधी विसरत नाहीत. वाझ यांचे गुणगान करणाऱ्या पुस्तकांत या गोष्टीवरून बहुधा हलकेच पाय उचलून पुढे जातात. मला तसे करावेसे वाटत नाही. कारण पुढे त्यांनी जे केले त्याचे वजन यामुळेच कळते.

श्रीलंकेतली हकीकत अशी. तिथला किनारा पोर्तुगीजांच्या हातून डचांकडे गेला. कोलंबो १६५६ साली, जाफना १६५८ साली. डच हे प्रॉटेस्टंट, कॅथलिक पंथाचे हाडवैरी. त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली, पाद्र्याला घरात लपवणाऱ्याला देहदंडाची धमकी दिली आणि चर्च ताब्यात घेतली. लोकांनी रात्री घरे बंद करून प्रार्थना म्हणायच्या, मुलांना गुपचूप शिकवायचे, असे दिवस आले. हे वाचताना गोव्याच्या माणसाला कशाची आठवण होणार? शंभर वर्षांपूर्वी गोव्यात हिंदूंवर जे गुदरले तेच इथे कॅथलिकांवर गुदरले होते. आणि ते होण्याआधी, १६२१ साली, जाफन्यात याच पोर्तुगीजांनी नल्लूरचे प्रसिद्ध कंदस्वामीचे देऊळ पाडले होते. रहाटगाडग्यातले वरचे पोहरे खाली आणि खालचे वर! फिर्यादी आणि आरोपी यांच्या जागा इतक्या लवकर बदललेल्या इतिहासात क्वचित पाहायला मिळतात.

या बंदीच्या मुलखात तीस वर्षे पाद्री पोचला नव्हता. वाझ यांनी मठाचे प्रमुखपद सोडले आणि १६८७ साली जॉन नावाच्या एका सेवकाला घेऊन ते जाफन्याला उतरले. पाद्र्याचा झगा घालणे शक्य नव्हते. त्यांनी हमालाचा वेष घेतला, अनवाणी चालले, आणि गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरले. माळ पाहून ज्याच्या डोळ्यांत ओळख दिसेल, ते घर आपले. पण त्याआधीच एक प्रसंग घडला, तो त्यांच्या चरित्रपरंपरेत सांगितला जातो. प्रवासाच्या हालांनी दोघांनाही रक्ताची हगवण लागली. हा रोग लागट असेल या भीतीने त्या परक्या भिकाऱ्यांना वस्तीत कोणी ठेवून घेईना. तेव्हा एक बाई त्यांना रोज पेज आणून देई. तिचे नाव नोंदलेले नाही. तिने त्यांचा धर्म विचारला, जात विचारली, असेही कुठे म्हटलेले नाही. आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी ठेवतात तीच पेज. पुढे दहा वर्षांनी कँडीत वाझ यांनी जे केले त्याचा पहिला धडा त्यांना एखाद्या मठात मिळाला नव्हता, तो या पेजेच्या वाडग्यात मिळाला, असे मला वाटते. अर्थात हे माझे अनुमान आहे, त्याला पुरावा मागू नये.

जाफन्यात डचांचा ससेमिरा वाढला, तसे ते पुत्तलमला आणि तिथून १६९२ साली कँडीच्या राज्यात गेले. डोंगरांच्या आडोशाने स्वतंत्र राहिलेले ते बौद्ध राज्य. एका फ्रेंच प्रॉटेस्टंट माणसाने राजाचे कान फुंकले की हा पोर्तुगीजांचा हेर आहे. झाले, वाझ कैदेत पडले. कैद पुढे सैल झाली, तरी नजरकैद बराच काळ राहिली. त्या अवकाशात ते सिंहली शिकले, आणि कैदेच्या जागीच त्यांनी पानांचे छप्पर घालून लहानसे देऊळ उभे केले. राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने माणूस पारखला आणि त्यांना मोकळीक दिली. कॅथलिकांना डचांच्या छळातून आसरा दिला तो एका बौद्ध राजाने, हे नार्व्याच्या देवळाची गोष्ट माहीत असलेल्या वाचकाला निराळे समजावून सांगायला नको. (दुष्काळात वाझ यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला आणि म्हणून राजा प्रसन्न झाला, अशी एक आख्यायिका आहे. भाविकांनी ती जरूर सांगावी. मला तिच्यापेक्षा पुढची हकीकत मोठी वाटते.)

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. आजच्या तरुण वाचकाने हा रोग पाहिलेला नाही आणि पाहण्याची वेळही येणार नाही. भारतातला शेवटचा रोगी १९७५चा, आणि १९८० साली साऱ्या जगातून तो गेल्याचे जाहीर झाले. पण आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत खड्डे पडलेले चेहरे आणि देवीने गेलेले डोळे गावोगाव दिसत. प्रथम सणकून ताप, अंग आणि पाठ मोडून निघते, दोन-तीन दिवसांनी तोंडात आणि अंगावर पुरळ उठते, त्याचे फोड होतात, ते पुवाने भरतात. घशात फोड असल्याने पाणी गिळवत नाही आणि तहान तर अनावर. अंगाखालचे वस्त्र कातडीला चिकटते. वास असा की घरचे माणूसही नाकाला पदर लावते. दहांत तीन तरी दगावायचे. गोस्तनी देवीची लस जेन्नरने शोधली ती १७९६ साली, म्हणजे शंभर वर्षांनंतर. तेव्हा या रोगावर औषध म्हणून काही नव्हतेच.

कँडीतल्या लोकांची समजूत अशी होती की हा पिशाचाचा प्रकोप, आणि ज्याला झाला त्याच्याजवळ राहणाऱ्यालाही तो धरणार. रोगी दिसला की त्याला उचलून रानात नेऊन ठेवत, नाहीतर त्याला घरात टाकून घरचेच निघून जात. राजा आणि दरबार राजधानी सोडून दूर गेले. यात आश्चर्य मानायचे कारण नाही. साथीत पळ काढणे हा सर्व देशांतल्या राजांचा आणि रंकांचा जुना रिवाज आहे, आणि १८९७च्या प्लेगात आपल्या पुण्या-मुंबईची माणसे गावाबाहेर झोपड्या बांधून राहिली होतीच. कँडीत मागे राहिले ते रोगी, प्रेते आणि गोव्याचे दोन पाद्री. एक वाझ, दुसरे त्यांचे भाचे जुझे कार्व्हालो, हेही त्याच मठाचे.

या दोघांनी केले काय? चरित्रे वाचताना मी चमत्कार बाजूला ठेवून फक्त कामे टिपत गेलो. रोज रानात आणि गल्ल्यांत फिरून टाकलेले रोगी शोधायचे. ज्यांच्या अंगावर छप्पर नाही त्यांच्यासाठी झोपड्या घालायच्या. सोडून दिलेली घरे झाडून तिथे रोग्यांना आणायचे. भात शिजवायचा, पेज करायची, ती घोटघोट भरवायची. फोड धुवायचे, घाण काढायची. मेलेल्याला खांद्यावर नेऊन खड्डा खणून पुरायचे. हे एक-दोन आठवडे नव्हे, वर्षाहून अधिक काळ चालले. रोग्यांत ख्रिस्ती थोडे, बौद्ध आणि हिंदू पुष्कळ. दोघा पाद्र्यांनी त्यांच्यात निवड केली नाही. ज्या मठात ब्राह्मणाखेरीज कोणाला प्रवेश नव्हता त्या मठाचा प्रमुख परक्या देशातल्या परक्या जातीच्या माणसाचे मलमूत्र काढत होता. राजा परतल्यावर म्हणाला म्हणतात, की हा पाद्री नसता तर माझ्या राजधानीचे रस्ते प्रेतांनी भरले असते.

इथे इतिहासाचा शिक्षक म्हणून एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. ही सगळी हकीकत आली ती त्यांच्याच मठाच्या पत्रांतून आणि मठाच्याच एका पाद्र्याने, सेबाश्तियांव द रेगो याने, लिहिलेल्या चरित्रातून. ते १७४५ साली लिस्बनला छापले गेले. आपल्या माणसाचे चरित्र लिहिणारा हात राखून लिहीत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळच्या चरित्रकाराला चमत्कार हवे असतात, धर्मांतरे हवी असतात. घाण काढल्याचे वर्णन त्याला मुद्दाम रचायचे कारण नव्हते. शिवाय साथीनंतर कँडीच्या राज्यात या पाद्र्यांना मोकळेपणाने हिंडता-फिरता आले, गोव्याहून आणखी पाद्री येत राहिले, राजा बदलल्यावरही आश्रय टिकला. दरबारातला विरोध पाहता हे सहज घडण्यासारखे नव्हते.

आणि आता तो प्रश्न, जो आमच्या भागातला वाचक हटकून विचारणार. हे सगळे धर्मांतरासाठीच नव्हते का? शुश्रूषा हे आमिष नव्हते का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊ नये. वाझ हे धर्मप्रचारक होते. आपला धर्मच तारक, अशी त्यांची अढळ श्रद्धा होती. कित्येकांनी मरण्यापूर्वी बाप्तिस्मा घेतला हे चरित्रकार अभिमानाने सांगतात. हे लपवून त्यांना आजच्या अर्थाचे सर्वधर्मसमभावी ठरवणे म्हणजे इतिहासाची थट्टा होईल. पण पेजेचा वाडगा आधी आणि धर्म नंतर, की धर्म आधी आणि वाडगा नंतर, यात फरक आहे. माग्दालेनाच्या आश्रयगृहात पश्चात्ताप आधी लागत असे. कँडीच्या रानात कोणाला काही विचारायला वेळ नव्हता. ज्याला शुद्ध नाही, ज्याला बोलवत नाही, त्याच्याकडून कबुली कसली घेणार? जे बौद्ध म्हणून बरे झाले ते बौद्ध म्हणून घरी गेले. ख्रिस्ताच्या शिकवणुकीत दुसऱ्याचा न्याय करू नका असे एक वचन आहे, आणि वाटमारीत जखमी झालेल्या वाटसरूला उचलणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट आहे. शोमरोनी म्हणजे यहुद्यांच्या लेखी बाटगा, पंगतीबाहेरचा. जुन्या गोव्यातल्या व्हडल्या घरातही हेच पुस्तक मेजावर होते.

या बाबतीत पंडिता रमाबाईंची साक्ष मला फार मोलाची वाटते. १८८३ साली इंग्लंडला गेल्यावर लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी तिथल्या भगिनींचे एक सेवागृह पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवत होते. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीला आश्चर्य वाटले ते असे, की आपल्या ग्रंथांतून अशा स्त्रीसाठी शिक्षा सांगितली आहे, दया नाही. हे लोक असे का वागतात, असे तिने विचारले तेव्हा तिला येशू आणि शोमरोनी बाई यांची कथा सांगण्यात आली. तिच्या धर्मांतराचे मूळ त्या प्रश्नात आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिने अशाच स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ काढले. पुण्यातल्या सुधारकांनी तिच्याशी फारकत घेतली ती धर्मांतराच्या संशयावरून. कृपासदनातल्या बायकांना आपल्या घरी नेतो म्हणणारा मात्र त्यांच्यात विरळा. आमच्याकडेही पैठणच्या नाथांनी महाराचे पोर कडेवर घेतल्याची कथा आम्ही भक्तिभावाने ऐकतो, टाळ्या देतो, आणि कीर्तन संपल्यावर आपापल्या आळीत परततो.

‘वाळीत टाकणे’ हा शब्दप्रयोग आपल्या कोकणात जितका जिवंत आहे तितका क्वचित कुठे असेल. गावकीच्या भांडणावरून, देवळाच्या मानपानावरून, आंतरजातीय लग्नावरून कुटुंबाचे पाणी तोडणे, दुकानात माल न देणे, मयताला खांदा न देणे. हे इतके सर्रास की महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो २०१७च्या जुलैपासून अमलात आला. रोग्यांच्या बाबतीत आपले वागणे थोडे गुंतागुंतीचे. फोडांच्या रोगाला आपण ‘देवी’ म्हटले. रोग्याच्या अंगी आई आली, म्हणून त्याची निगा राखली, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवले, दार-अंगण स्वच्छ ठेवले. कँडीच्या पिशाचापेक्षा ही आई पुष्कळ बरी. पण महारोग्याला आई लाभली नाही. नॉर्वेच्या हान्सेनने त्याचा जंतू १८७३ साली दाखवला, तरी पापाचे फळ ही समजूत हलली नाही. गोव्यात डॉ. फ्रोइलानो द मेलो यांनी १९३४ साली माकाझनला कुष्ठधाम काढले, तोवर या रोग्यांना देवळाच्या आणि चर्चच्या पायऱ्या सारख्याच. गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होऊ लागला त्याला कित्येक दशके लोटली; तरी जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मागण्याची मुभा आपल्या कायद्यातून गेली ती २०१९ साली.

१७११च्या जानेवारीत वाझ कँडीतच वारले. त्यांना तिथेच पुरले. ती नेमकी जागा आज कोणाला दाखवता येत नाही. त्यांच्यामागे ज्यांनी काम सांभाळले त्यांत जाकोम गोन्साल्व्हिस हे पाद्री होते. १७०५ साली ते श्रीलंकेला गेले आणि मरेपर्यंत, म्हणजे १७४२पर्यंत, तिथेच राहून सिंहली आणि तमिळ भाषांत त्यांनी इतके लिहिले की सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांना मान आहे. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले होते की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. त्याच गोव्यातली ही माणसे दुसऱ्यांच्या दोन-दोन भाषा शिकून त्यांत ग्रंथ लिहीत होती. हे गोन्साल्व्हिस मूळचे दिवाडीचे. नार्व्याहून फेरी लागते त्याच बेटाचे.

गोव्यातली याच प्रकारची एक अलीकडची हकीकत पुष्कळांना आठवत असेल. डॉमिनिक डिसोझा हा बारदेशातला तरुण. नेमाने रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीत एच.आय.व्ही. आढळला. १९८९च्या फेब्रुवारीत पोलीस आले आणि त्याला म्हापशाला घेऊन गेले. आपल्याला काय झाले आहे हे त्याला आधी कोणी नीट सांगितलेही नव्हते. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा रोग्याला अलग ठेवण्याची तरतूद होती. एका जुन्या, ओस क्षयरुग्णालयात त्याला पहाऱ्यात ठेवले, चौसष्ट दिवस. या रोगाची लागण शेजारी बसल्याने होत नाही हे तेव्हाही वैद्यकाला माहीत होते. पण रोग कसा जडला असेल याविषयी लोकांचा निकाल आधीच लागला होता, आणि निकाल लागला की पुरावा कोण वाचतो! त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, उच्च न्यायालयात धाव घेतली. तो सुटला. न्यायालयाने मात्र अलग ठेवण्याची तरतूद तत्त्वतः वैध ठरवली. नोकरी गेली, ओळखीची माणसे दूर झाली. काही थोडे मित्र, त्यांत त्याला नाटक शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका, शेवटपर्यंत येत-जात राहिले. त्यांच्या साथीने त्याने आपल्यासारख्या रोग्यांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. १९९२च्या मे महिन्यात तो गेला.

अशा रोग्याला त्याच्या मर्जीविरुद्ध कोंडता येणार नाही, नोकरीतून काढता येणार नाही, घर नाकारता येणार नाही, असे सांगणारा देशाचा कायदा २०१७ साली झाला आणि तो २०१८च्या सप्टेंबरपासून लागू झाला.